पर्लमध्ये स्वतःचं वेब फ्रेमवर्क बांधताना टेस्ट कुठे बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला सातपूरमधल्या एका छोट्या कंपनीत तिघं जण काम करतात. कांदा व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या चाळीसेक जुन्या सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हर प्रत्येक मागणीला नव्याने चालवतो ते छोटे प्रोग्राम) त्यांच्या गळ्यात आहेत: गेटनोंद, लिलावाचा भाव, काटापट्टी, हिशेबपट्टी, उधारी. एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काहीतरी मोडतं. म्हणून स्वतःचं छोटं ॲप्लिकेशन सर्व्हर फ्रेमवर्क बांधायचा विचार आहे, आणि टेस्टिंग, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, त्यात पहिल्या दिवसापासून हवंय. हे करावं का, आणि करायचं तर सुरुवात कुठून करावी?

मी गेली अठरा वर्षं नाशिकातच पर्ल लिहितोय आणि त्यातली बरीच वर्षं नेमक्या अशाच स्क्रिप्टांवर गेली आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी 'करावं का' याचं. एचटीटीपी सर्व्हर स्वतः लिहू नका. सॉकेट उघडणं, हेडर वाचणं, हळू कनेक्शनवरचा क्लायंट सांभाळणं, तुकड्यातुकड्यांनी येणारी अपलोड फाइल जोडणं, हे सगळं सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या तयार मॉड्यूलांच्या सार्वजनिक भांडारात, आधीच झालेलं आहे आणि वर्षानुवर्षं तावूनसुलाखून निघालंय. नवं ॲप कोऱ्या पाटीवर लिहायचं असतं तर मी सरळ मोजोलिशियस हे पर्लचं तयार वेब फ्रेमवर्क घ्या म्हणालो असतो. त्यातलं टेस्ट::मोजो म्हणजे तुम्ही मागताय तेच आहे: पान मागा, स्टेटस तपासा, मजकूर तपासा, जेसनमधला (प्रोग्राम एकमेकांना डेटा देतात त्या मजकूर-रूपातला) एखादा आकडा तपासा, सगळं एका साखळीत. पण तुमची पाटी कोरी नाही. चाळीस स्क्रिप्ट चालू आहेत, रोज त्यांच्यावर पट्ट्या निघतायत, आणि त्या एकेक करूनच हलवाव्या लागतील. अशा वेळी पीएसजीआयवर (वेब सर्व्हर आणि पर्ल ॲप यांच्यातला ठरलेला करार) बसणारा आपला पातळ थर लिहिणं मला योग्य वाटतं. पातळ म्हणजे हजार-दीड हजार ओळी. त्याहून जाड व्हायला लागला तर समजा की कुणीतरी आधीच सोडवलेला प्रश्न तुम्ही पुन्हा सोडवताय.

पीएसजीआय माहीत नसेल तर एवढं समजलं तरी पुरे. २००९ मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी पायथनच्या डब्ल्यूएसजीआय आणि रूबीच्या रॅक या तशाच करारांकडे पाहून पर्लसाठी हा करार मांडला आणि त्याच्यासोबत प्लॅक हा मॉड्यूलांचा संच दिला. करारानुसार तुमचं अख्खं ॲप्लिकेशन म्हणजे एक फंक्शन. त्याला एक हॅश, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्यांचा संच, मिळतो, त्यात रिक्वेस्टची पद्धत, पाथ, क्वेरी, बॉडी वाचायचा हँडल वगैरे असतं. फंक्शनने तीन गोष्टींचा ॲरे (क्रमवार यादी) परत द्यायचा: स्टेटस, हेडरचा ॲरे आणि बॉडी. हेडर हॅशमध्ये न ठेवता ॲरेत ठेवले आहेत, कारण सेट-कुकीसारखा हेडर एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतो आणि हॅशमध्ये एका नावाला एकच जागा असते.

या साधेपणातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ॲप्लिकेशन जर फंक्शन असेल, तर ते तपासायला सर्व्हर लागतच नाही. हॅश तयार करा, फंक्शन बोलवा, आलेला ॲरे बघा. प्लॅक::टेस्ट हेच करतं: एचटीटीपी रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट घेऊन त्याचा हॅश बनवतं, ॲप बोलवतं आणि रिस्पॉन्सचा ऑब्जेक्ट हातात देतं. ना पोर्ट, ना नेटवर्क. आणि तीच टेस्ट, एक अक्षरही न बदलता, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून खऱ्या सर्व्हरवर चालवता येते. ही दुहेरी सोय पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडते, ते सांगतोच.

म्हणून माझा सगळा आग्रह एका गोष्टीवर आहे. फ्रेमवर्क आधी बांधून मग त्याला टेस्ट चिकटवू नका. तुमच्या फ्रेमवर्कचा पहिला वापरकर्ता टेस्ट असली पाहिजे, ब्राउझर दुसरा. प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावा: हे टेस्टमधून सहज बोलवता येतं का? डेटाबेसचा हँडल मॉड्यूल लोड होतानाच उघडला जातो का? मग टेस्टला दुसरा डेटाबेस देता येणार नाही. घड्याळ थेट टाइम फंक्शनमधून वाचलं जातं का? मग पहाटे चारची टेस्ट दुपारी लिहिता येणार नाही. एसएमएस पाठवणारा कोड कंट्रोलरमध्येच, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्येच, आहे का? मग टेस्ट चालवली की खऱ्या शेतकऱ्याला मेसेज जाईल. हँडल, घड्याळ, मेल, एसएमएस, कॉन्फिग या सगळ्या गोष्टी ॲप तयार करताना बाहेरून द्यायच्या. ॲप तयार करणारं एकच फंक्शन ठेवा. प्रॉडक्शनची फाइल त्याला खऱ्या वस्तू देईल, टेस्टचं मॉड्यूल खोट्या.

पहाटे चारचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला हंगामात ट्रॅक्टर रात्रीपासून रांगेत लागतात. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल आणि तारीख सर्व्हरच्या वेळेवरून काढली असेल, तर मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक गेटनोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. आपले चार म्हणजे यूटीसीचे आदल्या रात्रीचे साडेदहा. कार्यालयीन वेळेत बसून टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. टेस्ट::मॉकटाइमने वेळ गोठवता येते, पण ते बाकीच्या मॉड्यूलांच्या आधी लोड व्हावं लागतं, कारण ते टाइम फंक्शनच बदलतं आणि आधी कंपाइल झालेल्या कोडला त्याचा पत्ता नसतो. घड्याळ बाहेरून दिलेलं असेल तर ही भानगडच उरत नाही.

आता ज्या चुकीमुळे मी टेस्टकडे गांभीर्याने वळलो ती सांगतो, कारण ती तुमच्याही वाटेवर आहे. सीजीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला नवीन प्रोसेस जन्मते, काम करते आणि मरते. त्यामुळे फाइलच्या वरच्या बाजूला ठेवलेली व्हेरिएबल दर वेळी कोरी असतात. जुन्या स्क्रिप्टा याच भरवशावर लिहिलेल्या आहेत. पीएसजीआयखाली प्रोसेस जिवंत राहते. मी एका व्यापाऱ्यासाठी केलेली उधारीची स्क्रिप्ट स्टारमनवर हलवली. स्टारमन हा आधीच अनेक वर्कर उभे करून ठेवणारा पीएसजीआय सर्व्हर. दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी एका अडत्याला दुसऱ्याच अडत्याची थकबाकी पडद्यावर दिसली. लॉगिन केलेल्याचा क्रमांक एका फाइलपातळीच्या व्हेरिएबलमध्ये होता, 'आधीच भरलेला असेल तर पुन्हा भरू नको' अशा अटीसह. सीजीआयमध्ये ती अट निरुपद्रवी होती. जिवंत प्रोसेसमध्ये तिने एकाचं दुसऱ्याला दाखवलं. कुणाचं किती देणं आहे ही बाजारात अब्रूची गोष्ट असते. तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझ्या फ्रेमवर्कमध्ये एक टेस्ट प्रत्येक पानासाठी आपोआप चालते. तिचं नाव 'दुसरी रिक्वेस्ट'. एकाच ॲपला, एकाच प्रोसेसमध्ये, आधी पहिल्या वापरकर्त्याकडून रिक्वेस्ट जाते, मग दुसऱ्याकडून, मग लॉगिन न केलेल्याकडून. दुसऱ्याच्या पानावर पहिल्याचं नाव किंवा आकडा दिसला की लाल, म्हणजे टेस्ट नापास. तिसऱ्याला लॉगिनचं पान सोडून काहीही मिळालं की लाल. तीस-चाळीस ओळींचं काम आहे. जुना कोड हलवताना याहून जास्त मोबदला देणारी टेस्ट मला आजवर सापडलेली नाही. पर्ल स्वतःही एक इशारा देतं: एका फंक्शनच्या आत दुसरं नाव असलेलं फंक्शन असेल आणि ते बाहेरचं व्हेरिएबल वापरत असेल, तर 'व्हेरिएबल विल नॉट स्टे शेअर्ड' अशी वॉर्निंग येते. जुनी स्क्रिप्ट गुंडाळून चालवली की नेमकं हेच घडतं. म्हणून टेस्ट चालताना आलेली कोणतीही वॉर्निंग म्हणजे नापास, असा नियम फ्रेमवर्कच्या टेस्ट मॉड्यूलमध्येच घाला. टेस्ट::वॉर्निंग्ज त्यासाठीच आहे. 'यूज ऑफ अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू' ही लॉगमध्ये हजारो वेळा दिसणारी आणि कुणीच न वाचणारी ओळ तेव्हा पहिल्यांदा वाचली जाते.

जिवंत प्रोसेसचीच आणखी दोन अंगं आहेत. डेटाबेसचं कनेक्शन मुख्य प्रोसेसमध्ये उघडून वर्करांमध्ये वाटू नका, वर्कर जन्मल्यावरच उघडा. आणि सेशनचा क्रमांक रँड या यादृच्छिक आकडा देणाऱ्या फंक्शनवरून बनवू नका. फोर्क होण्याआधी, म्हणजे वर्कर जन्मण्याआधी, मुख्य प्रोसेसने रँड एकदा जरी वापरलं असेल तर सगळ्या वर्करांकडे बीज एकच जातं आणि तेच आकडे त्याच क्रमाने निघू शकतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूरँडममधून बाइट घ्या.

यापुढचा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात तो एका ओळीत उरकतात आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. तो म्हणजे देवनागरी मजकूर.

पर्लच्या दृष्टीने 'नाशिक' या शब्दात पाच अक्षरं आहेत: न, काना, श, पहिली वेलांटी, क. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीत, तेच पंधरा बाइट होतात. आणि आपण वाचतो ती अक्षरं तीनच: ना, शि, क. तीन वेगवेगळ्या लांब्या, आणि फ्रेमवर्कमध्ये प्रत्येकीची जागा वेगळी. कंटेंट-लेंग्थ हेडरमध्ये बाइटांची संख्या लागते. मी पहिल्यांदा लिहिलेल्या थरात एनकोड करण्याआधीच, म्हणजे अक्षरांचे बाइट होण्याआधीच, लांबी मोजली जात होती. इंग्रजी पानं उत्तम चालायची, कारण तिथे अक्षर आणि बाइट सारखेच. मराठी हिशेबपट्टी मात्र अर्ध्यातच तुटायची: ब्राउझरला जेवढे बाइट सांगितले तेवढे वाचून तो थांबायचा. आणि माझ्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. कारणं दोन. नमुन्याचा डेटा इंग्रजीत होता. शिवाय सॉकेटशिवाय चालणाऱ्या टेस्टमध्ये बॉडी पूर्ण हातात येते, हेडर काय म्हणतो याकडे कुणी बघत नाही. मघाशी म्हटलेली दुहेरी सोय इथे कामाला येते. रोजच्या टेस्ट सॉकेटशिवाय चालवा, त्या भराभर होतात. पण डिप्लॉय करण्याआधी त्याच टेस्ट एकदा खऱ्या सर्व्हरवरून फिरवा. आणि हेडरमधला आकडा व बॉडीचे बाइट जुळतात की नाही हे तुमच्या टेस्ट मॉड्यूलने प्रत्येक रिस्पॉन्सवर न विचारता तपासावं. प्लॅकचं लिंट नावाचं मिडलवेअरही (सर्व्हर आणि ॲप यांच्यामध्ये बसणारा थर) टेस्टमध्ये कायम लावून ठेवा. बॉडीत एनकोड न केलेली अक्षरं आली की ते तिथल्या तिथे थांबवतं.

दुसरी लांबी कापण्यात लागते. छोट्या पट्टीवर जागा कमी म्हणून गावाचं नाव तीन अक्षरांवर तोडलं, तर सबस्ट्र फंक्शन 'नाशिक'मधून 'नाश' काढून देतं. शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या कागदावर हे छापलं जाणं मला सहन होत नाही. पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये मोठ्या एक्सची खूण असते, ती काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर पकडते. कापायचं तर तिने. जोडाक्षरांच्या बाबतीत थोडी सावधगिरी ठेवा. युनिकोड या लिप्यांच्या जागतिक प्रमाणकाच्या १५.१ आवृत्तीआधीच्या नियमांत हलन्तानंतर अक्षर तुटतं, त्यानंतरच्या नियमांत जोडाक्षर एकत्र राहतं. म्हणजे 'त्र्यंबक' कुठे तुटेल हे तुमच्या पर्लमध्ये युनिकोडची कोणती आवृत्ती आहे त्यावर ठरतं. टेस्टमध्ये 'त्र्यंबक' घाला, म्हणजे सर्व्हर बदलल्यावर आश्चर्याचा धक्का बसणार नाही.

तिसरी गोष्ट शोधण्याची. सिन्नर तालुक्यातलं मऱ्हळ घ्या, किंवा बोऱ्हाडे हे आडनाव. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक म्हणजे झिरो विड्थ जॉइनर देतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. डेटाबेससाठी दोन वेगळे शब्द. गेटवरच्या मुलाने एका कीबोर्डवर नाव टाकलं आणि ऑफिसमधल्या बाईंनी दुसऱ्यावर शोधलं, की 'शेतकरी सापडला नाही'. मग नवी नोंद होते, एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि उधारी दोन ठिकाणी वाटली जाते. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची क्रिया, केल्याने र अधिक नुक्ता याचा ऱ होतो, पण जोडकाचा प्रकार तसाच राहतो. तो बदल आपला आपण करावा लागतो. म्हणून फ्रेमवर्कच्या दारातच, रिक्वेस्टमधून मजकूर आत येतानाच, तीन कामं एका ठिकाणी करा: काटेकोर डीकोड, म्हणजे चुकीचे बाइट आले तर रिक्वेस्ट परत, मग एनएफसी, मग अर्ध्या रचा एकच प्रकार. कंट्रोलर लिहिणाऱ्याने याचा विचारही करायला लागू नये. आणि टेस्टमध्ये एकाच नावाची दोन्ही रूपं पाठवून एकच खातं सापडतं का ते बघा.

बाहेर जाताना एकदाच एनकोड करा. जेसनची एन्कोड फंक्शनं बहुतेक वेळा बाइटच देतात, त्यांना पुन्हा एनकोड केलं की नावाच्या जागी टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसते. हे सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

टेस्टची नावंही मराठीत ठेवा असा माझा आग्रह आहे. गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे बातम्यांत येतं, पण नाशिककर विचारतो तो नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते. गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला. टेस्टच्या नावाने तेवढं लगेच कळलं पाहिजे. 'टेस्ट १७ फेल' याने कुणालाच काही समजत नाही. 'वांधा निघून भाव बदलला की जुनी पट्टी रद्द होते' हे नाव लाल झालं तर बाजारात काम केलेला माणूससुद्धा सांगेल काय बिघडलंय. टेस्ट::मोअरमध्ये मराठी नावं छापताना 'वाइड कॅरेक्टर'ची वॉर्निंग येते, त्यासाठी त्याच्या आउटपुट आणि फेल्युअर अशा दोन्ही हँडलांना यूटीएफ-८ लावावं लागतं. टेस्ट२::व्ही० वापरलंत तर ते हे आपणहून करतं. नव्या कामाला मी तेच घेतो.

पर्लच्या टेस्टिंगचा पाया जुना आहे आणि म्हणून मला त्यावर विश्वास आहे. १९८७ च्या डिसेंबरात लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती सोडली तेव्हाच तिच्यासोबत टेस्ट होत्या, आणि 'ओके १', 'ओके २' अशी ओळीओळीने छापण्याची ती साधी रीत पुढे टॅप म्हणून इतर भाषांतही गेली. तुमच्या फ्रेमवर्कने यात वेगळा शहाणपणा करू नये. टेस्ट टी फोल्डरमध्ये, चालवायला प्रूव्ह. प्रूव्हला टेस्ट फाइलींचा क्रम उलटसुलट करायला सांगता येतं, एका वेळी चार चालवायला सांगता येतं, फक्त मागच्या वेळी नापास झालेल्या चालवायला सांगता येतं. उलटसुलट क्रमात रोज चालवा. एका टेस्टने मागे ठेवलेल्या कचऱ्यावर दुसरी उभी असेल तर तेव्हाच उघड होतं.

डेटाबेसबद्दल. प्रॉडक्शनला पोस्टग्रेस असेल तर टेस्टलाही पोस्टग्रेसच ठेवा. मेमरीतलं एसक्यूलाइट वेगवान आहे हे खरं, पण ते आकड्याच्या कॉलममध्ये 'दोन क्विंटल' असं लिहिलेलंही मुकाट्याने घेतं. पोस्टग्रेस घेत नाही. म्हणजे टेस्ट हिरवी आणि प्रॉडक्शन लाल. टेस्ट::पोस्टग्रेएसक्यूएल तात्पुरता सर्व्हर उभा करून देतं आणि काम झालं की मोडतं. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये सुरू करून शेवटी रोलबॅक करायची, म्हणजे सगळे बदल मागे घ्यायची, रीत चांगली आहे, पण तुमचा ॲपचा कोड स्वतःच कमिट (बदल कायम) करत असेल तर ती फसते. हिशेबपट्टीत तो करतोच. मी त्या ऐवजी एक तयार डेटाबेस साचा म्हणून ठेवतो आणि प्रत्येक टेस्ट फाइलसाठी पोस्टग्रेसला त्याची नक्कल काढायला सांगतो. छोट्या डेटाबेसला काही वेळ लागत नाही, आणि चार टेस्ट एकदम चालल्या तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत.

पैशांबाबत पर्लची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टेस्ट::मोअरमधलं 'इज' हे फंक्शन दोन्ही बाजू मजकूर म्हणून ताडून बघतं. पर्ल दशांश आकडा छापताना पंधरा अंकांपर्यंतच छापतं. त्यामुळे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३, अशी टेस्ट 'इज'ने लिहिली तर ती पास होते, आणि आकड्यांच्या तुलनेने लिहिली तर नापास. म्हणजे टेस्ट पास झाली तरी आत पैशाचा कण सरकलेला असू शकतो आणि तो हजार पट्ट्यांच्या बेरजेत बाहेर येतो. रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा, वजन पूर्णांक किलोत किंवा ग्रॅममध्ये, आणि गोलाई कुठे होते ते एकाच फंक्शनमध्ये. तसंच 'इज डीपली'ला ५ हा आकडा आणि '५' हा मजकूर सारखेच. मोबाइल ॲपला जेसन देत असाल तर हा फरक पलीकडे मोडतो. तिथे जेसनचा कच्चा मजकूरच तपासा.

जुन्या स्क्रिप्टांतली एक सुरक्षेची खोड फ्रेमवर्कने मुळातून बंद करावी. सीजीआय.पीएमचं परॅम फंक्शन कुठे बोलावलं त्यावरून एक किंमत देतं किंवा सगळ्या देतं. हॅश भरताना मधेच ते लिहिलं असेल आणि कुणी यूआरएलमध्ये तेच नाव तीनदा पाठवलं, तर जास्तीच्या किमती हॅशमध्ये नवी किल्ली आणि नवी किंमत म्हणून घुसतात. २०१४ मध्ये बगझिला या चुकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच वाट सापडली होती. तुमच्या रिक्वेस्ट ऑब्जेक्टला दोन वेगळी नावं द्या: एक कायम एकच किंमत देणारं, दुसरं कायम यादी देणारं. आणि 'दुसरी रिक्वेस्ट'सारखीच आणखी एक आपोआप चालणारी टेस्ट ठेवा, जी प्रत्येक फॉर्मची प्रत्येक किंमत दोनदा पाठवून बघते.

राउटिंग आणि टेम्प्लेट यांवर वेळ घालवू नका. राउटर म्हणजे पाथ आणि फंक्शन यांची जोडी, सीपॅनवरचा कुठलाही छोटा चालेल. टेम्प्लेटमध्ये बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट आपोआप एस्केप होते, म्हणजे ब्राउझर ती कोड म्हणून न चालवता मजकूर म्हणूनच दाखवतो, एवढीच अट ठेवा.

स्थलांतराचा क्रम असा ठेवा. पर्ल किती जुनं आहे ते आधी बघा. सेंटओएस ७ वर असाल तर ५.१६ असेल. पुढच्या आवृत्त्यांवर जाताना तीन ठिकाणी ठेच लागते. ५.१८ पासून हॅशच्या किल्ल्यांचा क्रम प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा येतो. ज्या पट्टीवर 'हमाली, तोलाई, लेव्ही' असा क्रम योगायोगाने नीट छापला जायचा, तो आता फिरेल. ५.२२ पासून सीजीआय.पीएम पर्लसोबत येत नाही, वेगळं बसवावं लागतं. ५.२६ पासून चालू फोल्डरमधल्या फाइली पर्ल आपणहून शोधत नाही, म्हणजे स्क्रिप्टच्या शेजारी ठेवलेली सामायिक फाइल 'सापडली नाही' म्हणेल. हे सगळं टेस्ट नसताना हलवलंत तर प्रत्येक चूक ग्राहकाच्या फोनवरून कळेल.

म्हणून स्क्रिप्टांना हात लावण्याआधी त्या जशा आहेत तशाच प्लॅकच्या रॅपसीजीआयमध्ये गुंडाळा. तो सीजीआय::कंपाइल वापरून स्क्रिप्टचं फंक्शन बनवतो आणि मधेच एक्झिट आलं तरी प्रोसेस मरू देत नाही. आता तुमची वीस वर्षांची जुनी स्क्रिप्टही पीएसजीआय ॲप झाली, म्हणजे तिला टेस्ट लिहिता येते. सुरुवात गेटनोंदीपासून करा, कारण ती सगळ्यात लहान आहे आणि बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पहिली टेस्ट: पहाटे चारला मऱ्हळच्या शेतकऱ्याची नोंद झाली की आजची तारीख आणि पूर्ण नाव दिसतं. दुसरी: लगेच दुसऱ्या गेटवाल्याने पान उघडलं तर पहिल्याचं काही दिसत नाही. यातलं काहीतरी लाल होणार हे जवळपास नक्की. लाल झालं म्हणून त्याच दिवशी दुरुस्त करायला बसू नका, आधी बाकीच्या स्क्रिप्टांच्या टेस्ट लिहा. लाल टेस्टला टूडूची ('अजून करायचं आहे' अशी) खूण करून ठेवा. टूडूत टाकलेली टेस्ट नापास झाली तरी प्रूव्ह अडवत नाही, पण दर वेळी चालवतं, आणि ज्या दिवशी ती पास होईल त्या दिवशी 'टूडू पास्ड' असं वेगळं छापून दाखवतं. त्या दिवशी खूण काढा आणि पुढची स्क्रिप्ट घ्या.